हो, आते

मनिला, २५ जून १९८९

प्रिय मनांग,

आधी एक विनंती. पाकिटावर ‘इंदाय’ लिहू नकोस. आत हवं तितक्या वेळा लिही, पण बाहेर मेरिलू लिही. वसतिगृहाच्या बाई टपाल वाटताना नावं मोठ्याने वाचतात. काल त्यांनी ते वाचलं आणि अख्खा जिना हसला. आपल्याकडे ती लाडाची हाक, पण इथे इंदाय म्हणजे कुणाच्या तरी घरी भांडी घासायला आलेली बेटावरची पोरगी. एकीने विचारलं, "काय गं, मालकीणबाईंनी परत बोलावलं का?" मीही हसले. हसायचंच असतं.

वर्गात सर उभं करून खटला विचारतात. खटला मला येत असतो. पण मी पहिला शब्द उच्चारला की मागच्या रांगेत खाकरणं सुरू होतं, आणि मग मला काहीच येईनासं होतं. तू मला शाळेत पाठांतराच्या स्पर्धेला घेऊन जायचीस तेव्हाची मी कुठे गेले, कळत नाही.

पण एक चांगलंही आहे. खोलीत माझ्याबरोबर पेर्ला आहे. बिकोलची आहे, भातावरसुद्धा मिरची घालून खाते आणि झोपेत कायद्याची कलमं बडबडते. आणि दुसरं म्हणजे ‘तला’. कॉलेजातल्या मुलींची सोरोरिटी. एकदा आत घेतलं की मरेपर्यंत त्या तुझ्या बहिणी. कॅन्टीनमागच्या आंब्याखाली त्यांची बाकं आहेत, तिथे दुसरं कुणी बसत नाही. मंगळवारी त्यांच्या प्रमुख, आते बेटिना यांनी मला स्वतः हाक मारून तिथे बसवलं. इथे थोरल्या बहिणीला आते म्हणतात. आपल्यासारखं मनांग म्हटलं की पुन्हा हसतात. त्या म्हणाल्या, "तू बोलतेस तशीच बोलत जा. आमची झालीस की हसायची कुणाची छाती होणार नाही."

खाकरणारी ती रांग त्या वेळी समोरूनच चालली होती. कुणी खाकरलं नाही.

मला आणि पेर्लाला, दोघींना विचारलंय. जुलैच्या मध्यापर्यंत उत्तर द्यायचं आहे. तुझं मत कळव. जमलं तर माझ्या मनासारखं कळव.

नानायचा खोकला कसा आहे? आईला नानाय म्हटलं तरी इथे हसतात.

तुझी,
मेरिलू

*

गिंबाल, ३ जुलै १९८९

इंदाय,

बाहेर मेरिलू लिहिलंय. आत मात्र माझं राज्य.

जाऊ नकोस.

तू वकिलीला गेली आहेस, वकिली कर. बाकांचंच म्हणशील तर आपल्या चर्चच्या भगिनीमंडळातही बाकं ठरलेली आहेत. नानायच्या जागेवर कुणी बसलं तर ती दोन आठवडे बोलत नाही. त्यासाठी बोटीने इतक्या लांब जायची काय गरज होती? आणि हसणाऱ्यांचं म्हणशील, तर परीक्षेचा निकाल लागला की हसणं बंद होतं. मी नर्सिंगला इलोइलो शहरात गेले तेव्हा मलाही खेडवळ म्हणायचे.

नानायचा खोकला कमी आहे. माझ्या आरोग्य केंद्रात गोवराच्या लसी आल्यात, त्यामुळे दिवसभर रडारड. आज महिन्याचा पहिला सोमवार, म्हणून तिया बासिंग मिआगाओहून रक्तदाब तपासून घ्यायला आली. नेहमीप्रमाणे केळीच्या पानात बिबिंका आणली होती, आणि नेहमीप्रमाणे मी तो तांदळाचा केक घरी नेऊन नानायला दिला. तिया बासिंगने तुझी चौकशी केली. म्हणाली, "पोरीला म्हणावं, जेवत जा. शहरात मुली जेवत नाहीत."

त्या बेटिनाला नम्रपणे नाही म्हणून सांग. कारण विचारलं तर घरून परवानगी नाही म्हण. सगळं माझ्यावर ढकल.

मनांग रेमी

*

मनिला, १४ जुलै १९८९

मनांग,

तू मला का सांगितलं नाहीस?

मी आते बेटिनांना तू म्हणालीस तसंच म्हणाले, घरून परवानगी नाही. त्यांनी गाव विचारलं. मग आडनाव पुन्हा विचारलं. मग एक जुनी वही काढली, सगळ्या शाखांच्या नावांची. इलोइलो, १९७४. त्यात तुझं नाव, तुझ्या त्याच तिरक्या सहीसकट. "रेमेडिओस तुझी सख्खी बहीण? अगं, मग तू तर घरचीच." म्हणाल्या, तुझ्या हातांची कीर्ती त्यांच्यापर्यंत आली आहे. विधीच्या वेळी सगळ्यांची नाडी तूच बघायचीस म्हणे.

मी त्या बाकावर गाढवासारखी बसून होते. माझ्याच बहिणीची ओळख मला परकी बाई करून देत होती.

लहानपणापासून तू म्हणशील ती पूर्व. नानाय आणि तातायपेक्षा तुझंच मी जास्त ऐकलं. आणि तू? स्वतः आत जाऊन आलीस, आणि माझी वेळ आली तशी दार लावून घेतलंस. मला वाटायचं, तुला माझी काळजी वाटते. आता वाटतं, तुला मी गिंबालचीच राहायला हवी आहे.

मी हो म्हटलं आहे. पेर्लानेही. ती घाबरत होती. मारतात असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. मी तिला म्हटलं, माझी मनांग करून आलीय, कुणी मरत नाही. तेव्हा ती तयार झाली.

मेरिलू

*

गिंबाल, २२ जुलै १९८९

इंदाय,

चार पत्रं लिहून फाडली. हे पाचवं. जसं असेल तसं पाठवते.

हो, मी होते. दोन वर्षं. नंतर जायचं बंद केलं. पण तिथल्या वहीतून नाव खोडत नाहीत, म्हणून अजून आहे.

मारतात. पेर्लाने खरं ऐकलं आहे. हातभर लांब लाकडी फळी असते. मांडीच्या मागे, दंडावर, कपड्यांत झाकलं जाईल अशा जागी. महिनाभर थोडं थोडं, आणि शेवटच्या विधीला सगळं. आधी गोड बोलतील, जेवायला घालतील. मारल्यावर स्वतःच्या हाताने तेल लावतील, आणि ज्या बाईने मारलं तिच्याच मांडीवर डोकं ठेवून तू रडशील आणि तुला वाटेल की इतकी माया कुणी केली नव्हती. हे मला माहीत आहे. हे कुणाला सांगायचं नाही अशी शपथ असते. पंधरा वर्षांनी ती आज मोडली, एवढ्यावर समाधान मान. पुढचं विचारू नकोस.

तू गिंबालची राहावीस असं मला वाटत असतं तर तुझा अर्ज मी स्वतः टपालात टाकला नसता.

अजून वेळ आहे. पहिल्या आठवड्यात सोडणाऱ्या मुलींना फारसं कुणी विचारत नाही. आणि पेर्लाला सांग, तू बोललीस ते चुकीचं होतं. कुणी मरत नाही असं म्हणू नकोस.

उत्तर दे. दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

मनांग

*

गिंबाल, १२ ऑगस्ट १९८९

इंदाय,

तीन आठवडे झाले. उत्तर नाही. वसतिगृहात फोन लावायला मी दोनदा शहरात गेले. बाई म्हणाल्या, मुलगी बाहेर आहे.

रागावली असशील तर तसं लिही.

मनांग

*

मनिला, ३० ऑगस्ट १९८९

मनांग,

आपल्या गावच्या मानोंग आंबोची बोट आज सुटते. तो भटारखान्यातून दहा मिनिटं खाली आलाय, तेवढ्यात लिहिते आहे. उद्या तो तुला हे हातात देईल.

मी बरी आहे. लिहिलं नाही कारण अभ्यास फार आहे.

एक विचारायचं होतं, पेर्लासाठी. ती न्हाणीघराच्या पायऱ्यांवरून पडली. मांड्या मागून काळ्यानिळ्या झाल्यात आणि हाताला दगडासारख्या लागतात. त्यावर गरम शेकायचं की थंड? ॲस्पिरिन चालेल का? तिला मळमळतं, पाय सुजलेत. आणि एक गंमत म्हणजे कालपासून तिला लघवी अगदी थोडी होते आणि तिचा रंग कोकाकोलासारखा आहे. ती म्हणाली, "बघ, प्यायले तेच बाहेर येतंय." आम्ही हसलो. ते काळजीचं नाही ना?

इथे उकाडा आहे. लांब बाह्यांत आणि जीन्समध्ये जीव जातो दोघींचा.

रविवारी शेवटचा विधी. तो झाला की संपलं. सोडायचं तर केव्हाही सोडता येतं, असं त्या रोज सांगतात. पण आम्ही चौघी आहोत. जी सोडेल तिच्या वाट्याचे वार उरलेल्या तिघींना वाटून देतात. पेर्लाने सोडलं तर ते मला, मी सोडलं तर पेर्लाला. म्हणून कुणी सोडत नाही. मी तिला रोज विचारते, जमेल ना? ती हो म्हणते.

आंबो हाका मारतोय. गरम की थंड, तेवढं कळव.

मेरिलू

*

तार
गिंबाल, ३१ ऑगस्ट १९८९

पेर्लाला आत्ताच इस्पितळात ने. किडनी बंद पडत आहे. डॉक्टरला मार सांग. पडली म्हणू नको. रविवारी जाऊ नको. रेमी

*

गिंबाल, ३१ ऑगस्ट १९८९

इंदाय,

तार केली. हे पत्र आंबोच्या परतीच्या बोटीने येईल. तोवर तार पोचली असेल आणि तू तिला नेलं असशील, असं धरून लिहिते. दुसरं काही धरून मला लिहिताच येणार नाही.

तुझ्या मांड्याही तशाच आहेत. जीन्समध्ये जीव दोघींचा जातो, हे तूच लिहिलं आहेस. तुझीही लघवी तपासून घे.

आता ते, जे विचारू नकोस म्हटलं होतं.

ऑक्टोबर १९७४. नर्सिंगच्या आमच्याच कॉलेजची, माझ्या मागच्या वर्गातली कोरिंग. हसताना तोंडावर वही धरायची. तिला तलात मीच आणलं होतं. समुद्राकाठी एकीच्या मामाचं घर होतं, रविवारची दुपार, बाहेर लोक सहलीला आलेले. मी मारत नव्हते. माझं काम दुसरं होतं. दर दहा वारांनंतर नाडी बघायची, ओठांचा रंग बघायचा आणि विचारायचं, "अजून चालेल?" ती हो म्हणाली की मी वर बघून मान हलवायची.

नव्या मुलींना पहिल्याच दिवशी शिकवतात की थोरल्या बहिणीने काहीही विचारलं तरी उत्तर एकच. ‘हो, मनांग.’ तुमच्याकडे ‘हो, आते’ असेल. दुसरं काही म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून. कोरिंगला हे मीच शिकवलं होतं, आणि ती ते चटकन शिकली.

मी तिला चार वेळा विचारलं. चारही वेळा ती हो म्हणाली. चारही वेळा मी मान हलवली. नाडी ठीक होती, इंदाय. ओठ ठीक होते. मी सगळं बरोबर केलं. फक्त जिला नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती, तिला विचारत बसले.

दोन दिवस ती माझ्या खोलीत होती. तिचं भांडं मीच रिकामं केलं. तू लिहिलास तोच रंग. त्याचा अर्थ पुढच्या वर्षी पुस्तकात वाचला. तिसऱ्या दिवशी इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, सहलीत खडकावरून घसरली. मी नर्सिंगची विद्यार्थिनी, गणवेशात. त्यांनी तसंच लिहून घेतलं. संध्याकाळी ती गेली.

तिया बासिंग तिची आई. तिच्यासाठी कोरिंग अजूनही खडकावरून घसरलेलीच आहे. दर महिन्याला ती माझ्यासमोर दंड पुढे करते आणि मी पट्टा बांधते. तिने आणलेली बिबिंका मी आजवर कधी खाल्ली नाही. तू लहानपणी विचारायचीस, मनांगला गोड आवडत नाही का?

हे तुला जूनमध्ये लिहिलं असतं तर पेर्ला आज तिखट भात खात असती. लिहिलं नाही, कारण तुझ्या डोळ्यांतली माझी जागा मला सोडवत नव्हती.

एकच सांगते. पेर्लाला कसं वाटतंय ते विचारू नकोस. ती काय म्हणेल हे मला माहीत आहे. उचल आणि ने.

रेमी

*

मनिला, ९ सप्टेंबर १९८९

मनांग,

तार शुक्रवारी दुपारी मिळाली. पत्र त्यानंतर.

तार हातात होती, तरी मी खोलीत जाऊन विचारलंच. "पेर्ला, बरं वाटतंय का?" ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. न वळता म्हणाली, "हो, आते."

मला. मी तिची मिरची चोरून खाणारी, तिच्याच वयाची. मला आते म्हणाली.

मग नाही विचारलं. पहारेकऱ्याला हाक मारली, आम्ही दोघांनी उचलून तिला टॅक्सीत घातलं.

आते बेटिना आमच्या पाठोपाठ इस्पितळात आल्या. कुणी कळवलं माहीत नाही. त्यांनी माझा हात हातात घेतला. हात फार मऊ आहेत त्यांचे. डॉक्टर कागद घेऊन उभे होते. बेटिना मला म्हणाल्या, "पायऱ्यांवरून पडली ना गं, मेरिलू?" इतक्या मायेने विचारलं. आणि मनांग, माझ्या जिभेवर ‘हो’ आलं होतं. महिनाभर तोंडाला तीच सवय. दुसरा शब्द सापडेना. म्हणून मी पडद्याआड गेले, जीन्स उतरवली आणि डॉक्टरांना माझ्या मांड्या दाखवल्या. त्यांनी पाहिल्या आणि विचारलं, "तूही त्याच पायऱ्यांवरून पडलीस?" तेव्हा मग सगळं बोलता आलं.

माझी तपासणी ठीक आहे. पेर्लाला तीनदा मशीनवर घातलं. किडन्या परत चालू होतील किंवा होणार नाहीत, डॉक्टर दोन्ही म्हणतात. तिचे वडील बिकोलहून आलेत. माझे आभार मानतात. मी त्यांना अजून सांगितलेलं नाही की कुणी मरत नाही असं तिला कोण म्हणालं होतं. तुझं पत्र वाचून कळलं, न सांगता वर्षं कशी निघून जातात ते. उद्या सांगते.

रविवारचा विधी झाला नाही. उरलेल्या दोघींनी ‘पायऱ्यांवरून पडली’ अशा टाइप केलेल्या कागदावर सह्या केल्यात. माझ्यासाठीही एक प्रत उशीवर होती. कॉलेजची चौकशी नऊ ऑक्टोबरला आहे. वर्गात आता खाकरत नाहीत. मी आत गेले की सगळे गप्प होतात.

तुझ्यावर राग आहे की नाही ते विचारू नकोस. अजून मलाच कळलेलं नाही.

मेरिलू

*

गिंबाल, १८ सप्टेंबर १९८९

इंदाय,

तू घरी ये. आंबोला सांगून ठेवलंय, तो तुला न्यायला वसतिगृहाच्या दारात येईल. शहरात इथेही वकिलीचं कॉलेज आहे. तलाच्या लोकांत न्यायाधीश आहेत, मोठे वकील आहेत. तुझी पहिली चौकशी आणि समोर ती माणसं. तू तिला वाचवलंस, तुझं झालं. नानायला मी तुला टायफॉइड झाल्याचं सांगितलंय, म्हणजे आल्यावर ती प्रश्न विचारणार नाही, नुसती पेज करून घालेल.

चार तारखेला तिया बासिंग आली. पट्टा बांधायच्या आधीच मी सांगितलं, नाहीतर धीर झाला नसता. सगळं सांगितलं. चारही वेळा मान हलवल्याचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. केंद्रात बाळं रडत होती. मग तिने विचारलं, "त्या दिवशी ती जेवली होती का?"

मी म्हटलं, सकाळी आम्ही दोघींनी मिळून भात आणि सुका मासा खाल्ला होता.

ती उठली. बिबिंका टेबलावरच राहिली. त्या दिवशी मी ती खाल्ली, उभ्याने, सगळी. पुढच्या महिन्यात ती येईल असं वाटत नाही.

तू मात्र ये. आयुष्यात पहिल्यांदा हात जोडून सांगते. या एका पत्राला नुसतं हो म्हण.

मनांग

*

मनिला, २६ सप्टेंबर १९८९

मनांग,

नाही.

हा शब्द लिहायला अर्धा तास लागला. तुला मी हा कधी म्हटलाच नव्हता, लक्षात आलं का तुझ्या? त्यांनी शिकवायच्या आधीपासून मला हो म्हणायची सवय होती. त्यांना माझ्यावर फार मेहनत घ्यावी लागली नाही. रागावून लिहीत नाही. राग शोधला, थोडा सापडला, तो मी घरी आल्यावर समोर बसून देईन.

मी नऊ तारखेला जाणार. माझ्या उच्चारांतच बोलणार. खाकरतील त्यांनी खाकरावं.

पेर्लाच्या वडिलांना सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डब्यातला अर्धा भात माझ्यापुढे सरकवला.

काल सकाळी परिचारिकेने पेर्लाला विचारलं, कसं वाटतंय? मी दारात होते. पेर्ला म्हणाली, "वाईट. पाठ दुखते, भाताला चव नाही आणि ही मुलगी रोज येऊन माझ्याकडे बघत बसते." मी व्हरांड्यात जाऊन रडले. आज तिने मला भांडं दाखवलं. तळाशी जेमतेम दोन बोटं, पण रंग कोऱ्या चहाइतका. दोघी बघत बसलो.

आता तुला एक विचारते. चौकशीत ते म्हणतील, लघवीच्या रंगावरून मार ओळखायला वकिलीच्या मुलीला कुणी शिकवलं? मी तार दाखवू शकते. मग विचारतील, तारेतल्या बाईला कसं कळलं? तिथे तुझं नाव येतं, १९७४ येतं. नाही घेतलं तर माझी बाजू लंगडी पडेल, पण पडू दे, मी निभावेन. तुझी नोकरी आहे, नानाय आहे. म्हणून विचारते, नाव घेऊ का?

नीट विचार कर. नाही म्हणालीस तरी मी तुझीच आहे.

तुझी,
इंदाय

*

तार
गिंबाल, ३ ऑक्टोबर १९८९

नाव घे. पूर्ण नाव घे. शुक्रवारच्या बोटीने निघते. तिया बासिंग काल आली. तीही सोबत येत आहे. जेवत जा. मनांग